मीठ कोणी कोणाचं खाल्लं?

गेल्या वर्षी आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये एक जागा रिकामी झाली. एचआरने नेहमीच्या कन्सल्टंटला कळवलं आणि दोन दिवसांत त्याने मला पाच सीव्ही धाडले. चौथा उघडला आणि हातातला चहा हातातच राहिला. 'सध्याची कंपनी' या रकान्यात 'पुणे परिसरातील नामांकित ऑटो पार्ट्स उत्पादक' असं मोघम लिहिलेलं. पण खालची कामं माझ्या ओळखीची होती. सप्लायर ऑडिटचं ते काम मीच त्या पोराला दिलेलं, आणि तो पोरगा काचेपलीकडे, माझ्यापासून वीस फुटांवर, पीपॅपची, म्हणजे पार्टच्या मंजुरीच्या कागदांची, फाइल चाळत बसलेला.

खरं सांगायचं तर आधी राग आला. ह्याला मी शिकवलं, दोन अप्रेझलना ह्याच्यासाठी भांडलो, आणि हा माझ्या पाठीमागे? 'खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं' हे वाक्य जिभेवर आलंच होतं. तिथेच अडकलं, कारण पंधराएक वर्षांपूर्वी तेच वाक्य मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून ऐकलं होतं.

तेव्हा मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो. तळेगावला मुलाखत होती. 'भावाच्या साखरपुड्याची खरेदी आहे' असं सांगून सुट्टी काढली, कडक इस्त्रीचा शर्ट सॅकमध्ये घडी करून नेला आणि एसटी स्टँडच्या मुतारीत बदलला. तिथला एचआर आणि आमचा एचआर एकाच कॉलेजचे निघाले. एमआयडीसीत हे असंच असतं. चाकण, भोसरी, रांजणगाव ही तीन गावं वाटतात, पण एचआरवाल्यांसाठी एकच वाडा आहे. दोन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "काय रे, झाला का साखरपुडा?"

मी म्हणालो, "हो सर, झाला की."

आजही तो क्षण आठवला की कानाची पाळी गरम होते. साहेबांना मुलाखत कोणी घेतली हेसुद्धा माहीत होतं. पुढे मिठाचं भाषण झालं. त्यानंतरचे सात महिने मला कोणी रागावलं नाही, फक्त ईमेलच्या सीसीतून नाव गळत गेलं, कस्टमर व्हिजिटला दुसरा कोणी जाऊ लागला आणि वर्षअखेर रेटिंग एका घराने उतरलं. तळेगावची नोकरीही मिळाली नाहीच.

दोन्ही बाजूंनी हा प्रसंग भोगल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. नोकरीत असताना दुसरी नोकरी शोधणं ही बेइमानी नाही, ते साहेबांच्या कानावर गेलं तर लाजायचं कारण नाही, आणि ह्या प्रकरणातली लपवाछपवी माणसाच्या स्वभावातून येत नाही. आपल्या खासगी नोकऱ्यांचे नियमच ती जन्माला घालतात. दुरुस्ती तिथे हवी.

आधी मिठाचं बघू. पगार हे मीठ मानलं तरी ते कोणाच्या ताटात आधी पडतं? आपण महिनाभर राबतो आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला येतो. कायदासुद्धा हेच गृहीत धरतो, म्हणून तर सात तारखेची मुदत घातलेली. म्हणजे दर महिन्याला कामगार कंपनीला तीस दिवसांची मेहनत उधार देतो. वाण्याच्या वहीत नाव कंपनीचं आहे आणि मिठाला जागायचा उपदेश मात्र उधारी देणाऱ्याला! महिना संपला, पगार जमा झाला, की हिशेब बरोबर. त्यावर जे उरतं, कोणी शिकवलं, अडीअडचणीला कोणी सुट्टी दिली, ते माणसामाणसातलं देणं. ते जरूर मानावं, मीही मानतो. पण त्याची परतफेड आयुष्यभर तिथेच राहून करायची, हे कोणत्या पावतीवर लिहिलंय?

उलट बाजूही पाहा. जुलै 2025 मध्ये टीसीएसने जाहीर केलं की वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात माणसं कमी करणार. हिंजवडीपासून खराडीपर्यंत घराघरांत त्या दिवशी जेवणं उशिरा झाली असतील. मला त्या निर्णयाच्या बरेवाईटात इथे शिरायचं नाही. मुद्दा इतकाच की एवढा निर्णय एका दुपारी होत नाही. आकडे मांडले जातात, याद्या होतात, वकिलांना विचारलं जातं, आणि हे सगळं होईपर्यंत संबंधितांना पत्ता नसतो. ह्याला आपण 'नियोजन' म्हणतो. तेच एखाद्या इंजिनिअरने स्वतःपुरतं, गुपचूप केलं की त्याला 'दगाबाजी' म्हणायचं. दोघंही आपापलं भविष्य बघतायत, एकाकडे वकील आहेत आणि दुसऱ्याकडे घराचा हप्ता, इतकाच फरक.

"पण कायद्याचं काय? काढून टाकतील ना!" हा प्रश्न मला ओळखीतल्या निम्म्या पोरांनी विचारलेला आहे. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे सरकारने घालून दिलेल्या नोकरीच्या नमुना नियमांत, गैरवर्तनाची यादी आहे. चोरी, अफरातफर, लाच, जाणूनबुजून केलेली अवज्ञा, सवयीची गैरहजेरी, मालमत्तेची नासधूस. अर्ज कुठे केला, मुलाखत कुठे दिली, हे त्यात नाही. 1872 च्या करार कायद्याचं 27 वं कलम तर सांगतं की कोणाला कायदेशीर धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. ह्याला मर्यादा आहेत आणि त्या कल्याणच्याच एका खटल्यातून ठरल्या. तिथल्या टायर-कॉर्डच्या, म्हणजे टायरमध्ये घालायच्या धाग्याच्या, कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून कोट्याच्या रेयॉन कंपनीत गेला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली, कारण मुदत अजून चालू होती आणि परदेशातून आणलेल्या तंत्राची गुपितं त्याच्या हाती होती. अगदी अलीकडे, मे 2025 मध्ये, विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे ही अटही न्यायालयाने योग्य ठरवली. पण दोन्ही ठिकाणी वाद 'सोडण्याचा' होता. 'शोधण्याला' कोणी हात लावलेला नाही. कंपनीच्या लॅपटॉपवरून, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या प्रिंटरवर सीव्ही काढणं मात्र स्वतःच्या पायावर धोंडा आहे. प्रिंटरच्या ट्रेमध्ये विसरलेल्या कागदाने किती जणांचे साखरपुडे मोडले असतील, देव जाणे.

तरीही केबिनमध्ये कायदा फारसा कामाला येत नाही. 'मॅनेजर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' अशी पाटी लागलेल्या माणसाला नोटीस पिरियडचा पगार हातावर ठेवून घरी पाठवणं फार अवघड नसतं, आणि तसं केलं नाही तरी सीसीतून गाळायला कोणतं कलम लागत नाही. म्हणून लोक लपवतात. ते भित्रे नसतात. खरं बोलल्याची किंमत एकट्याने मोजावी लागते, हे त्यांनी शेजारच्या टेबलावर पाहिलेलं असतं.

त्यात भर नोटीस पिरियडची. नव्वद दिवस! नवीन कंपनीला माणूस 'तातडीने' हवा असतो, जुनी तीन महिने सोडत नाही. मग काय होतं? माणूस आधी राजीनामा देतो की आधी ऑफर घेतो, ह्या फेऱ्यात अडकतो. ऑफर हातात आल्यावर तीन महिने मोकळे मिळतात, त्या काळात तो आणखी दोन ऑफर गोळा करतो. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी फोन बंद. त्यामुळे कंपन्या चिडतात आणि सोडायच्या अटी आणखी आवळतात. रिलीव्हिंग लेटर अडवायचं, बायआउट (पैसे भरून नोटीस कमी करणं) नाकारायचं, फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या हिशेबासाठी, ताटकळत ठेवायचं. सापळा जितका घट्ट, तितकी धावपळ जास्त आणि तितकंच खोटं जास्त. खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्तींतही कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस आहे, पण तिथे निदान कारण दिसतं. वर्गात पोरं आहेत, मधल्या सत्रात गणिताचा शिक्षक आणायचा कुठून? बोल्टचा टॉर्क तपासणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाचं हस्तांतर करायला नव्वद दिवस लागत असतील, तर त्या कंपनीची कागदपत्रं कोणीतरी तपासली पाहिजेत.

गंमत म्हणजे ह्या दुखण्यावर एक औषध आपल्याकडे जुनंच आहे, आणि तेही जिथे कोणी शोधायला जाणार नाही तिथे: सरकारी कचेरीत. सरकारी नोकराला दुसऱ्या सरकारी पदासाठी अर्ज करायचा तर तो 'योग्य मार्गाने' करावा लागतो. म्हणजे साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत. ना-हरकत प्रमाणपत्र मागायचं, अर्ज त्यांच्याच सहीने पुढे जायचा. आणि असं परवानगी घेऊन गेलेल्याचा राजीनामा हा नुसता 'तांत्रिक राजीनामा' ठरतो. केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत तर स्पष्टच आहे, एरवी राजीनाम्याने आधीची सेवा बुडते, पण अशा राजीनाम्याने बुडत नाही. म्हणजे इथे नियमाने सौदा केला आहे: तू उघडपणे सांग, मी तुझं नुकसान होऊ देणार नाही.

ह्याचा व्यवहारात कसा चिखल होतो, हेही ठाऊक आहे. माझ्या मावशीची ना-हरकतीची फाइल जिल्हा परिषदेत एका टेबलाखाली इतके दिवस पडून राहिली की परीक्षेचा दिवस उलटून गेला. साहेबांना 'माणूस सोडवत नव्हता', आणि मावशी ते अजून कौतुक म्हणून सांगते! ना-हरकत हा शब्दच दुधारी आहे. रत्नागिरीतल्या ज्या घरांतली माणसं आखातात आहेत त्यांना विचारा. कतारमध्ये 2020 पर्यंत मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती, मालक बिघडला की माणूस अडकला. त्यामुळे खासगी क्षेत्रात मालकाची परवानगी आणा, असं मी म्हणत नाही. त्या सरकारी सौद्याचा दुसरा भाग तेवढा उचलावा: खरं सांगणाऱ्याचं नुकसान होणार नाही, ही हमी.

ती कशी द्यायची, ह्याचे काही तुकडे हळूहळू पडत आहेतच. पूर्वी पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख फक्त मालक टाकू शकायचा, आणि रुसलेला मालक ती टाकतच नसे. 2020 पासून ती तारीख कर्मचारी स्वतः टाकू शकतो. एक हत्यार बोथट झालं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतनही दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. अंमल कसा होतो ते दिसेलच, पण दिशा बरोबर आहे. माझ्या मते पुढची दोन पावलं अशी हवीत. नोटीस पिरियडला कायद्याने तीस दिवसांची कमाल मर्यादा घालावी आणि ती दोन्ही बाजूंना सारखी असावी. आणि अमुक माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इथे होता, एवढा कागद मागितल्याबरोबर मिळणं हा हक्क ठरावा, मेहेरबानी नको. ह्या दोन गोष्टी झाल्या की अर्ध्या केबिनींमधलं नाटक आपोआप थांबेल.

इथे भोसरीतला माझा एक मित्र मला आडवा घेतो. त्याचं चाळीस माणसांचं वर्कशॉप आहे. तो म्हणतो, "तुझं सगळं मोठ्या कंपन्यांना ठीक आहे रे. माझ्याकडे सीएनसीचे प्रोग्रॅम लिहिणारा एकच माणूस. तो तीस दिवसांत गेला तर माझी डिलिव्हरी बोंबलली, कस्टमर गेला, बाकी एकोणचाळीस जणांचा पगार कुठून देऊ?" त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. आयटीआयमधून आलेल्या पोराला त्याने मशीनवर हात धरून बसवलं, दोन वर्षं स्क्रॅप सोसला, आणि मोठ्या कंपनीने चार हजार जास्त देऊन तो उचलला. शिकवायचा खर्च ह्याचा, फळ दुसऱ्याचं. मला त्याच्याबद्दल खरंच वाईट वाटतं. पण पुढे त्याला विचारलं, की तो पोरगा बाहेर बघतोय हे तुला कळलं केव्हा? "राजीनामा हातात दिला तेव्हा." आधी का नाही कळलं? तो हसला. "आधी कळलं असतं तर मी त्याला मशीनवरून उतरवलाच असता."

बस, इथेच सगळं आलं. त्याला तीन महिने आधी कळलं असतं तर दुसरा माणूस तयार करता आला असता. ते त्याला कधीच कळणार नाही, ह्याची तजवीज त्याने स्वतःच करून ठेवली आहे. जो मालक सांगणाऱ्याला मशीनवरून उतरवतो त्याला राजीनाम्याशिवाय काही ऐकू येत नाही. नोटीस नव्वदची असो की एकशेऐंशीची.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर ज्याच्या पुढ्यात साहेब दार लावून उभा आहे त्याने काय करायचं? माझ्यासारखं 'साखरपुडा झाला' म्हणायचं नाही, एवढं मी अनुभवाने सांगतो. शोधण्याचा राग महिन्याभरात ओसरतो. खोटं पकडल्याचा ओसरत नाही, कारण त्यानंतर तुमच्या कोणत्याच शब्दाला किंमत राहत नाही, अगदी इन्स्पेक्शन रिपोर्टलासुद्धा. पण खरं म्हणजे सगळं खरं नव्हे. "हो सर, बाहेर काय चाललंय ते बघतोय. अजून काही ठरलेलं नाही. ठरलं तर दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मी तुम्हाला सांगेन. हातातलं काम आहे तसंच चालू राहील." इतकं पुरे. कंपनीचं नाव सांगायचं नाही, पगाराचा आकडा सांगायचा नाही. टीममधले आणखी कोण बघतायत हे विचारलं तर तिथे मात्र खुशाल बहिरं व्हायचं. माफी मागायची नाही. माफी मागितली की गुन्हा कबूल केला असा अर्थ होतो. आणि त्या खोलीत पगारवाढीचा विषय काढायचा नाही, कारण मग तुमचं सगळं बोलणं धमकीसारखं ऐकू येतं.

बायकांच्या बाबतीत ह्या खोलीत एक जादा प्रश्न विचारला जातो, "लग्न ठरलंय का? मिस्टरांची बदली?" जणू बाईला स्वतःच्या कामाचा कंटाळा येऊच शकत नाही. त्याला उत्तर द्यायची गरज नाही.

कधी कधी रागाऐवजी लाड सुरू होतात. "तुला काय हवंय ते सांग, मी वर बोलतो." काउंटर ऑफर, म्हणजे थांबवण्यासाठी जुन्याच कंपनीने दिलेली वाढ, वाईटच असते असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्या ओळखीचा एक जण अशी घेऊन आज प्लांट हेड आहे. पण ती लेखी हवी, तारखेसकट हवी, आणि तुम्ही बाहेर का बघत होतात त्या कारणाला ती हात घालते का, हे बघायला हवं. रोज रात्री नऊला घरी पोचणाऱ्याला पंधरा टक्के जास्त दिले तर तो पंधरा टक्के जास्त पैसे घेऊन रात्री नऊलाच घरी पोचेल. आणि मुख्य, 'वर बोलतो' ह्या आश्वासनावर हातातली बाहेरची ऑफर सोडायची नाही. बऱ्याचदा ते तुमच्या जागी माणूस मिळेपर्यंतचं भाडं असतं.

आता त्या पोराचं. तो सीव्ही बंद करून मी दोन दिवस गप्प बसलो. एचआरला सांगितलं नाही. कन्सल्टंटला मात्र फोन करून झापलं, कारण उमेदवाराला न विचारता त्याचा कागद गावभर फिरवणं हा त्याचा गुन्हा होता. उद्या हाच सीव्ही माझ्यापेक्षा तापट माणसाकडे गेला असता. तिसऱ्या दिवशी पोराला जेवणानंतर गेटबाहेरच्या टपरीवर नेलं. केबिनमध्ये नाही, मुद्दाम.

"तुझा सीव्ही माझ्याकडे आलाय," मी म्हणालो. "पोर्टलवर नाव झाक नीट."

तो पांढरा पडला. माझ्यासारखाच. पण साखरपुड्याबिखरपुड्याच्या वाटेला गेला नाही. थोडा वेळ ग्लास फिरवत राहिला आणि म्हणाला, "सर, डिझाइनमध्ये जायचंय. इथे तीनदा विचारलं. तुम्हालाच विचारलं होतं."

विचारलं होतं खरं. मी तिन्हीदा 'बघू' म्हणालो होतो. दर वेळी त्याच्यावाचून माझं ऑडिट अडेल, ह्या भीतीने.

चार महिन्यांनी तो गेला. नव्वदचे पंचेचाळीस दिवस मी वरच्यांशी भांडून करून घेतले, कारण त्याने आधी सांगितल्यामुळे त्याच्या जागेवरची मुलगी तोवर तयार झाली होती. शेवटच्या दिवशी त्याने हँडओव्हरची फाइल दिली, बाहेरच्या टपरीवरून सगळ्यांना वडापाव दिले आणि माझ्या पाया पडायला वाकला. मला फार अवघडल्यासारखं झालं.

त्या रात्री सहज म्हणून नोकरीच्या पोर्टलवरचं माझं स्वतःचं खातं उघडलं. शेवटचा बदल तीन वर्षांपूर्वीचा. 'ह्या कंपनीला प्रोफाइल दाखवू नका' ह्या चौकटीत आमच्या कंपनीचं नाव मी तेव्हाच भरून ठेवलं होतं.